स्नायूंचे धागे

चिक्कडपल्लीहून एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. हैदराबाद शहरातील ही वस्ती आमच्या बऱ्याच वाचकांस नावानेही ठाऊक नसेल. नारायणगुड्याकडून आर. टी. सी. चौरस्त्याकडे जाताना ती लागते. तेथे त्यागराय गानसभेचे सभागृह आहे, शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि ह्या ग्रंथालयात सरकारी नोकरीच्या परीक्षांस बसणारी मुले सकाळपासून दिवे लागेपर्यंत वाचीत बसलेली असतात.

पत्राचा विषय मात्र परीक्षा नाही. भगिनी लिहितात की, त्यांच्या दिराचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याच्या पोटऱ्या अशा भरदार आहेत की, घरातील आजी त्यास कौतुकाने ‘पैलवान’ म्हणते. परंतु हा पैलवान धावू लागला की पडतो, जिना चढताना कठडा सोडीत नाही, आणि भुईवरून उठावयाचे झाले म्हणजे प्रथम ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकीत, स्वतःच्याच अंगास शिडी लावून चढावे तसा उभा राहतो. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले आहे. आजीचे म्हणणे, मूल चांगले धष्टपुष्ट आहे, त्यास उगाच सुया कशाला टोचता? भगिनी विचारतात की, स्नायू म्हणजे मुळात काय, तो काम कसे करतो, आणि भरलेला दिसत असता तो दुबळा कसा असू शकेल?

उत्तराचा शेवट आम्ही आधीच सांगून टाकतो. रक्त तपासून घ्यावे, आणि ह्याच आठवड्यात घ्यावे. ते का, हे कळण्यासाठी मात्र स्नायूच्या आत डोकावणे भाग आहे.

आत डोकावण्यास स्वयंपाकघरापासून आरंभ करता येतो. मांस पुष्कळ वेळ शिजले म्हणजे त्याचे दोरे सुटतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हे दोरे म्हणजेच स्नायूंतील तंतूंच्या जुड्या होत. आपल्या शरीरात हाडांस जोडलेले असे सहाशेहून अधिक स्नायू असून, धडधाकट पुरुषाच्या वजनाचा सुमारे दोन पंचमांश भाग त्यांचाच असतो. ताटातील एक दोरा बोटांनी उकलीत गेल्यास त्यातून आणखी बारीक दोरे निघतात. शेवटी डोळ्यांस जेमतेम दिसणारा, केसाएवढा किंवा केसाहूनही बारीक असा एक धागा उरतो. हा स्नायुतंतू. शरीरातील इतर पेशी डोळ्यांस न दिसण्याइतक्या लहान. हा मात्र एकच पेशी असूनही कित्येक सेंटिमीटर लांब असू शकतो. बाळ आईच्या उदरात असता अनेक लहान पेशी एकमेकींस मिळून हा एक तंतू तयार होतो, आणि म्हणूनच त्यात एका केंद्रकाऐवजी शेकडो केंद्रके आढळतात.

ह्या तंतूस सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरले असता एक विलक्षण गोष्ट दिसते. त्यावर आडवे पट्टे असतात: एक काळसर, एक फिकट, पुन्हा काळसर, पुन्हा फिकट. एखाद्या पट्टेरी लुगड्याचा काठ असावा तसे. कारण असे की, तंतूच्या आत त्याहूनही बारीक, एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जाडीचे शेकडो तंतुक शेजारी शेजारी भरलेले असतात, आणि प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या छोट्या खणांची माळ असते. ह्या खणास शास्त्रज्ञ सार्कोमिअर म्हणतात. विश्रांतीत असलेल्या स्नायूत त्याची लांबी इतकी अल्प असते की, एका सेंटिमीटरात असे सुमारे चार हजार खण एका ओळीत मावतात.

प्रत्येक खणाच्या दोन टोकांस दोन भिंती. दोन्ही भिंतींपासून आतल्या बाजूस बारीक धागे निघतात, ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे. खणाच्या मध्यभागी, ह्या बारीक धाग्यांच्या फटींत शिरलेले, जाड धागे असतात. ते मायोसिन नावाच्या प्रथिनाचे. जेथे जाड धागे आहेत तेथे काळसर पट्टा दिसतो, व जेथे नुसते बारीक धागे आहेत तेथे फिकट. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अर्धवट गुंतवून छातीसमोर धरावीत, म्हणजे ही रचना बरीचशी ध्यानात येईल.

स्नायू आखडतो तेव्हा काय होते? फार काळ विद्वानांची अशी समजूत होती की, आतील धागे स्वतःच गुंडाळले जाऊन आखूड होत असावेत. १९५४ साली ‘नेचर’ ह्या इंग्रजी साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के ह्यांचा, दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन ह्यांचा. दोघा हक्सलींचे आडनाव एक असले तरी ते एकमेकांचे नातलग नव्हते. दोन्ही निबंधांत दाखविले होते ते हे की, स्नायू आखडताना काळसर पट्ट्याची रुंदी तशीच राहते व फिकट पट्टा मात्र अरुंद होतो. म्हणजे कोणताही धागा आखूड होत नाही. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून सरकत आत येतात, आणि दोन्ही भिंती एकमेकींच्या जवळ ओढल्या जातात. गुंतविलेली बोटे आणखी आत सरकवावीत. बोटे तेवढीच लांब राहतात, मनगटे मात्र जवळ येतात. इतकी साधी गोष्ट, परंतु ती दिसावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

हे ओढण्याचे काम जाड धागा करतो. प्रत्येक जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू असून त्यांची डोकी बाहेर आलेली असतात. विहिरीवर दोर ओढणारा मनुष्य एका हाताने पकडतो, खेचतो, सोडतो, पुढे हात टाकून पुन्हा पकडतो. ही डोकी बारीक धाग्यावर अगदी तेच करतात. सगळी एकदम सोडीत नाहीत, कोणी धरलेले असते तेव्हा दुसरे सुटलेले असते, म्हणून दोर मागे निसटत नाही. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून येतो, मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटते, तंतूच्या पडद्यावरून विजेची लहर धावते, आणि आत साठविलेले कॅल्शियम मोकळे होते. बारीक धाग्यावरील पकडण्याच्या जागा एरवी झाकलेल्या असतात. कॅल्शियम ते झाकण दूर करते. कॅल्शियम परत कोठारात ओढले गेले की झाकण पुन्हा बसते व स्नायू सैल पडतो. डोळ्याची पापणी लवावयास जेवढा वेळ लागतो त्यापेक्षाही कमी वेळात हे सर्व घडून जाते.

आता, ओढणारा म्हटला की त्यास शिदोरी पाहिजे. स्नायूची ही शिदोरी कोणती, हे शोधण्यात ज्या मनुष्याचा मोठा वाटा आहे तो तेलुगू मुलखातला होता, हे चिक्कडपल्लीच्या भगिनीस त्यांचे शेजारी अभिमानाने सांगतील. येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांचा जन्म १८९५ साली गोदावरीच्या मुलखातील भीमावरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते १९२३ साली अमेरिकेत बॉस्टन येथे गेले. तेथे रात्री इस्पितळात हलक्यासलक्या नोकरीवर राबावे आणि दिवसा हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करावे, असे दिवस त्यांनी काढले. सायरस फिस्क ह्यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील व मांसातील फॉस्फरस मोजण्याची एक रीत बसविली. त्या रीतीने स्नायू तपासता तपासता १९२७ साली त्यांच्या हाती फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य लागले. इंग्लंडात एगल्टन पतिपत्नींसही ते त्याच सुमारास सापडले. पुढे १९२९ साली ए. टी. पी. हे द्रव्य जर्मनीत कार्ल लोमान ह्यांस, आणि स्वतंत्रपणे बॉस्टनला ह्या दोघांस गवसले. तोपर्यंत मोठमोठ्या पंडितांचे मत असे होते की, स्नायू आखडतो तो लॅक्टिक आम्लामुळे. ते मत ह्या शोधांनंतर टिकले नाही.

ए. टी. पी. म्हणजे रोकड समजावी. मायोसिनचे प्रत्येक डोके दर खेपेस एक नाणे मोडते. गंमत अशी की, खिशात ही रोकड अवघ्या दोनतीन सेकंदांपुरतीच असते. ती संपताच फॉस्फोक्रिएटिन हे हातउसने देणाऱ्या शेजाऱ्याप्रमाणे धावून येते, व त्यावर जिवाच्या आकांताची धाव दहाएक सेकंद निभते. त्यापुढे साखर व चरबी जाळून कमाई करावी लागते, आणि त्यासाठी श्वास पाहिजे. जत्रेतील शर्यतीत शंभर यार्ड धावणारा मुलगा जवळजवळ श्वास न घेता धावू शकतो, दोन मैल धावणाऱ्यास मात्र ते जमत नाही, ह्याचे कारण हे.

सुब्बाराव ह्यांस हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्ले नावाच्या औषधांच्या कारखान्यात गेले, आणि तेथे त्यांच्या देखरेखीखाली हेट्राझान हे हत्तीरोगावरील औषध निघाले. किनाऱ्यावरील गावांत हत्तीरोगावर आजही ह्याच औषधाच्या गोळ्या वाटल्या जातात. १९४८ साली न्यू यॉर्कमध्ये ते वारले. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव किती मुलांस वाचावयास मिळते, हा विचार आमच्या मनास नेहमी टोचतो.

रोकडीविषयी आणखी एक गोष्ट, आणि तीही आमच्या घराघरांत पाहिलेली. मायोसिनचे डोके बारीक धागा सोडते तेसुद्धा ए. टी. पी. मिळाले तरच. पकड ढिली करावयास नाणे लागते! घरात मृत्यू झाला म्हणजे जाणत्या बाया घाईने डोळे मिटवितात, हनुवटी बांधतात, आणि हात छातीवर जुळवून त्यांत जपमाळ ठेवतात; कारण काही तासांनी ते हात वळत नाहीत. श्वास थांबल्यावर नवे ए. टी. पी. तयार होत नाही, आणि जी डोकी जेथे धरून बसली ती तेथेच राहतात. दीडदोन दिवसांनी प्रथिनेच विघटू लागतात, तेव्हा शरीर पुन्हा सैल होते. आमच्या उष्ण हवेत हे लवकर घडते. ताठरलेले शरीर पाहून मृताच्या मनात काही राहून गेले असे बोलणारी माणसे आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता भरदार पोटऱ्यांकडे वळतो.

तंतूच्या आतील सारी ओढाताण बाहेरच्या पडद्यापर्यंत, तेथून कंडरेपर्यंत व हाडापर्यंत पोचली पाहिजे. आतील धाग्यांस पडद्याशी बांधून ठेवणारे व पडद्यास आधार देणारे एक प्रथिन आहे, त्याचे नाव डिस्ट्रॉफिन. होडीच्या फळ्यांस आतून वाकांचा आधार असतो तसे ते समजावे. काही मुलांच्या शरीरात हे प्रथिन जन्मतःच तयार होत नाही. मग प्रत्येक हालचालीबरोबर पडदा थोडा थोडा फाटतो आणि तंतू मरतो. तंतूंच्या कडेस काही राखीव पेशी असतात. १९६१ साली त्यांचा शोध लागला. त्या उठून नवे तंतू विणतात, तेही फाटतात, त्या पुन्हा विणतात. काही वर्षांत ही राखीव फौज थकते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चरबी व चिवट तंतुमय पदार्थ भरतो. पोटरी भरते, परंतु ओढणाऱ्या धाग्यांनी नव्हे. आजींनी पाहिले ते खरेच होते; त्याचा अर्थ तेवढा निराळा होता.

ह्या व्याधीस फ्रेंच वैद्य द्यूशेन ह्यांच्या नावाने ओळखतात. त्यांनी तिचे सविस्तर वर्णन १८६८ साली केले. मांड्यांवर हात टेकीत उठण्याची खूण इंग्रज वैद्य गावर्स ह्यांनी १८७९ साली नोंदविली. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकास ही व्याधी होते. भगिनीच्या पुतण्यास हीच आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही वैद्य नाही, आणि पत्रावरून निदान करणारा वैद्यही आम्हांस मान्य नाही. परंतु तिची शंका घेण्याइतक्या खुणा पत्रात आहेत. फाटलेल्या तंतूंतून क्रिएटिन कायनेज नावाचे द्रव्य रक्तात गळते, आणि ह्या व्याधीत त्याचे प्रमाण नेहमीच्या कित्येक पटींनी वाढलेले असते. डॉक्टरांस पाहावयाचे आहे ते बहुधा हेच. यकृताच्या म्हणून ज्या दोन तपासण्या नेहमी होतात त्यांचे आकडेही स्नायू फाटल्याने वाढतात, आणि कित्येक मुलांवर काविळीचे उपचार होत राहतात. म्हणून क्रिएटिन कायनेजची तपासणी मुद्दाम विचारून करवून घ्यावी. शंका खरी ठरल्यास पुढची खात्री रक्तातील जनुकाच्या परीक्षेने होते. चिक्कडपल्लीपासून पंजागुट्टा दूर नाही. तेथील निजाम वैद्यकीय संस्थेत मज्जाविकारांचा व अनुवंशशास्त्राचा असे दोन्ही विभाग आहेत.

निदान झाल्यास उपयोग काय, असे आजी विचारतील. व्याधी समूळ बरी करणारे औषध आज नाही, हे खरे आहे. परंतु स्टेरॉइड जातीची औषधे वेळेवर सुरू केल्यास मुलाचे चालणे काही वर्षे अधिक टिकते. हृदय व श्वास ह्यांवरही पुढे परिणाम होतो, म्हणून त्यांची नियमित तपासणी करून वेळीच उपाय योजता येतो. तोपर्यंत दोन गोष्टींस आमची कळकळीची मनाई आहे. पाय बळकट व्हावेत म्हणून मुलाकडून बैठका काढवू नयेत; ज्याचे धागे फाटत आहेत त्यास ओढण्याची शिक्षा देऊ नये. आणि काही कारणाने शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांस ही शंका आधी सांगावी, कारण भुलीच्या वेळी वापरले जाणारे एक औषध अशा मुलांच्या हृदयास घातक ठरू शकते. स्नायूंची ही व्याधी २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, म्हणून प्रमाणपत्र व सवलती मिळविता येतात.

आणखी एक गोष्ट लिहिण्यास आम्हांस संकोच वाटतो, परंतु लिहिली पाहिजे. ह्या प्रथिनाचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलगा ते गुणसूत्र आईकडून घेतो. हे वाक्य सासरच्या घरात कसे वापरले जाईल, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु साधारणतः तिघांपैकी एका मुलात हा बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो. आईत तो नसतोच. आणि जेथे आईत असतो तेथेही तिने तो काही निवडून घेतलेला नाही. तिची, तिच्या बहिणींची व मुलींची तपासणी जरूर करवावी, ती पुढच्या अपत्यांचा विचार करण्यासाठी. भगिनी ह्या मुलाच्या आईच्या जाऊ आहेत. त्या घरात हे बोलावयास त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी आम्हांस दिसत नाही.

चिक्कडपल्लीपासून काही मैलांवर, हबसीगुडा येथे, पेशीय व रेणवीय जीवशास्त्राचे केंद्र आहे. स्नायूंच्या राखीव पेशी एरवी निजून कशा राहतात व गरज पडताच कशा जागतात, ह्याचा अभ्यास ज्योत्स्ना धवन ह्यांनी तेथे पुष्कळ केला आहे. त्याच केंद्रातील कुमारस्वामी थंगराज व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली दाखविले की, आपल्या उपखंडातील शंभर माणसांत सुमारे चौघांच्या एका जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असतात. तो जनुक हृदयाच्या स्नायूतील जाड धाग्यास बिलगलेल्या एका प्रथिनाचा आहे, आणि अशा माणसांस उतारवयात हृदय दुबळे होण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो. हृदयाचा स्नायू आपल्या हुकमात नसला तरी तोही पट्ट्यांचाच आहे. ज्या घराण्यात हृदय थकून माणसे गेली असतील त्यांनी चाळिशीनंतर ते तपासून घेत जावे.

जागा थोडी उरली आहे, तर निरोगी स्नायूंविषयी दोन शब्द. कोंबडीची तंगडी काळसर व छाती पांढरी का, हे मुले नेहमी विचारतात. दिवसभर चालणाऱ्या पायांत प्राणवायू साठविणारे तांबडे द्रव्य भरपूर असते. असे तंतू हळू ओढतात परंतु थकत नाहीत. क्वचित फडफडणाऱ्या छातीचे तंतू झटपट ओढतात व लवकर दमतात. बदक दूरवर उडणाऱ्या जातीचे, म्हणून त्याची छातीही काळी. माणसाच्या प्रत्येक स्नायूत दोन्ही जातींचे तंतू मिसळलेले असतात. कष्टाने तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, त्यांची जाडी वाढते. डोंगर उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची चाल अद्याप आहे. ते आम्ल तासाभरात निघून गेलेले असते. उतरताना ताणलेल्या अवस्थेत ओढावे लागल्यामुळे तंतूंस झालेल्या बारीक इजा दुसऱ्या दिवशी दुखतात, आणि त्या भरून येतात.

वृद्धांचे मात्र निराळे आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांस दहा दिवस नुसते बिछान्यावर निजवून ठेविले, तेव्हा दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. ताप येऊन गेल्यावर आजीस ‘पडून राहा’ म्हणणारी सून प्रेमाने बोलत असते, परंतु त्या पडून राहण्याची किंमत पायांस द्यावी लागते. डॉक्टरांची हरकत नसेल तर ताप उतरताच तिला खुर्चीवर बसवावे, आणि हातांचा आधार न घेता, जवळ कोणीतरी उभे असता, खुर्चीवरून उठावयास व पुन्हा बसावयास लावावे. पहिल्या दिवशी पाच वेळा झाले तरी पुष्कळ. जेवणात डाळ, अंडे किंवा मासळी असावी. नुसत्या पेजेवर धागे विणले जात नाहीत.